बेसमेंटमधले आल्प्स

डॉक्टर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही. म्हणाले, "तोंड उघडा."

श्रूजबरीत एका घरी सत्यनारायण होता. मी हातात प्रसादाचा द्रोण घेऊन भिंतीला टेकून उभा होतो. अमेरिकेत येऊन मला जेमतेम महिना झालेला. आणि हा उंच, किंचित वाकलेला, पांढऱ्या झुपकेदार भुवयांचा माणूस समोर येऊन माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होता. मी तोंड उघडलं नाही. कुणी सांगितलं म्हणून मी कधी तोंड उघडलेलं नाही, आणि मिटलेलंही नाही.

"बरं, मान मागे करा बघू."

"कशाला?"

"तुमची मान आखूड आहे. जबडा मागे आहे. तुम्हाला नळी घालायला त्रास पडणार."

"मला कुणी नळी घालणार नाही," मी म्हणालो.

"सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले आणि खुशीत पुढच्या माणसाच्या गळ्याकडे वळले.

घरी जाताना मुलाने गाडीत सांगितलं, की हे डॉक्टर रिटायर झालेत, आणि चाळीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. ऑपरेशनच्या आधी माणसाला भूल द्यायची, घशात श्वासाची नळी घालायची, ऑपरेशन संपेपर्यंत त्याच्या डोक्याशी बसून राहायचं, आणि मग त्याला परत आणायचं. बाकीचे लोक ओळख झाली की गाव विचारतात, आडनाव विचारतात. डॉक्टर मान बघत. एकदा एक नवं जोडपं मंडळाच्या कार्यक्रमाला आलं, तर नवऱ्यामुलाला बाजूला घेऊन म्हणाले, "बायकोची मान उत्तम आहे. काळजीचं कारण नाही." तो बिचारा पुढे दोन महिने आमच्यात फिरकला नाही.

त्यांचं दुसरं विचारणं म्हणजे, "शेवटचं काय खाल्लं, आणि कधी?" हे ते दारात विचारत, देवळात विचारत, फोनवर विचारत. गाडीची वॉरंटी विकायला कुठून तरी एक माणूस फोन करायचा, त्यालाही त्यांनी विचारलं. तो चक्क सांगायला लागला. सँडविच, अकरा वाजता. त्यावर डॉक्टर म्हणाले, "मग पाच वाजेपर्यंत काही करता येणार नाही," आणि फोन ठेवला.

देवळात प्रवचन असलं की मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसायचो. बुवा बोलायला लागले की डॉक्टर मान न हलवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळा हॉल बघायचे आणि माझ्या कानाशी पुटपुटायचे. "तिसऱ्या रांगेतला गेला. निळी साडी जाते आहे, जाते आहे... गेली. देशमुख नाटक करतोय, जागा आहे." श्वासावरून त्यांना कळायचं. एकदा बुवांकडे बघून म्हणाले, "मुकादम, या माणसाला मी हॉस्पिटलात घेतला असता. औषधाचा खर्च वाचला असता." मला हसू आवरेना. मी उपरण्यात तोंड खुपसलं. लोकांना वाटलं, मला भरून आलं.

मला ते मुकादम म्हणत. मी रेल्वेत मुकादम होतो. इकडे कुणाला सांगितलं की मी रेल्वेत होतो, की लगेच विचारतात, "स्टेशनमास्तर?" मी सांगतो, नाही. मुकादम. वीस माणसांची गँग आणि साडेसहा किलोमीटर रूळ माझ्या नावावर होता. आधी घाटात, मग दौंडला. शाळा चौथीपर्यंत. पण माझ्या रुळावरून एकही गाडी कधी घसरली नाही. ज्यांच्या भिंतीवर डिग्र्या टांगलेल्या आहेत त्यांनी हे छातीवर हात ठेवून स्वतःबद्दल सांगावं.

असो. गोष्ट डॉक्टरांची आहे.

त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये आल्प्स होते. पायऱ्या उतरून खाली गेलं की समोरची सगळी भिंत म्हणजे स्वित्झर्लंडचा नकाशा. त्यावर टाचण्या, टाचण्यांतून ओवलेली लाल लोकर. ही लोकर म्हणजे रेल्वेची लाइन. बाजूला टेबलावर वेळापत्रकं, तीन जाडजूड पुस्तकं, आणि हॉस्पिटलातून आणलेला सलाइनचा स्टँड, ज्याला त्यांनी एका दिवसाचं एक अशी कागदांची पुडकी टांगलेली. काचेचं छत असलेली एक गाडी आहे तिकडे, ती दिवसभर डोंगरांतून, बोगद्यांतून, पुलांवरून हळूहळू जाते. त्या गाडीने जायचं. अकरा वर्षं ते हा बेत आखत होते. एकदाही गेले नव्हते.

याचं कारण त्यांची यादी. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर लोक एक यादी मोठ्याने वाचतात म्हणे. पेशंट हाच का, पाय हाच का, रक्त तयार आहे का. प्रत्येक ओळीला 'हो' येऊन पुढे खूण झाल्याशिवाय भूल द्यायची नाही. डॉक्टरांनी प्रवासाचीही तशीच यादी केली होती. एक्केचाळीस ओळी. आणि दर वर्षी तिकीट काढायच्या दिवशी कुठल्या तरी ओळीवर अडायचं. मग डॉक्टर फाइल मिटायचे आणि म्हणायचे, "खूण राहिली. पुढल्या वर्षी."

एका वर्षी हॉटेलची लिफ्ट अरुंद निघाली. एका वर्षी कुठल्या तरी स्टेशनवरचं बाथरूम दुरुस्तीला काढलेलं. एका वर्षी तर सूपवरून अडलं. त्या गाडीत जेवण जागेवर आणून देतात. डॉक्टरांनी मिनिटामिनिटाचा हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं, की सूप येतं आणि ऱ्हाईनची दरी येते ती एकदमच. "माणूस वाटीत बघेल की दरीत?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "आधी दरी बघावी. सूप काय, गार होईल." ते म्हणाले, "मुकादम, गार सूप पिणारी माणसं मी नेत नाही." ते वर्ष सुपात बुडालं.

आता माझ्या मुलाने नोकरी बदलली आणि आम्ही टेक्सासला, प्लेनोत आलो. इथली जमीन ताटासारखी सपाट आहे. संध्याकाळी फिरायला गेलो की उंचवटा म्हणून फक्त हायवेचा पूल दिसतो. डॉक्टर इथे असते तर त्यांनी त्याच्यावरही टाचणी मारली असती.

तर मी सांगतोय ते वर्ष बारावं. त्या वर्षी डॉक्टरांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी, बेसमेंटच्या पायऱ्या उतरून आल्या आणि डॉक्टरांना सगळ्यांदेखत म्हणाल्या, "या मार्चमध्ये तिकिटं निघाली नाहीत तर मी ही भिंत मोकळी करणार. लोकर माझी आहे. मी तिचा स्वेटर करीन."

आम्ही हसलो. डॉक्टर हसले नाहीत. मग वहिनींनीच सरळ सांगितलं, कारण त्या कुणाला अवघडल्यासारखं ठेवायच्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांचा आजार वाढत चालला होता. मधलं पुसट व्हायचं आणि कडेचं तेवढं स्वच्छ दिसायचं. "समोर बसलेल्याचं तोंड दिसत नाही, कान दिसतात," त्या म्हणाल्या. "देशमुखांचं तोंड दिसत नाही याचं काही वाटत नाही म्हणा. पण डोंगर बघायचाय मला. आगगाडीच्या खिडकीतून सगळं कडेनेच तर जातं. या वर्षी दिसेल. पुढच्या वर्षीचं तो डोळ्यांचा डॉक्टरही सांगत नाही."

"अरे बाप्पा," देशमुख म्हणाले. ते नागपूरचे, रिटायर इंजिनियर, गप्प बसणं त्यांना माहीत नाही. "वहिनी, माझे कान तरी चांगले आहेत का जी?"

"मोठे आहेत," वहिनी म्हणाल्या.

त्या दिवसापासून डॉक्टरांना जोर चढला. बारा जण ठरले. डॉक्टर आणि वहिनी, देशमुख नवराबायको, सुमनताई म्हणून एक रिटायर नर्स, मी, आणि मंडळातले आणखी सहा जण. सगळ्यात लहान माणूस अडुसष्ट वर्षांचा. आणि डॉक्टरांनी रंगीत तालमी लावल्या.

एका जागी गाडी बदलायला सहा मिनिटं मिळणार होती. म्हणून फेब्रुवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, आम्ही बारा म्हातारी माणसं डॉक्टरांच्या घरी सूटकेसा घेऊन जमायचो. बेसमेंट म्हणजे पहिली गाडी. जिना म्हणजे प्लॅटफॉर्मचा जिना. घरासमोरचा ड्राइव्हवे म्हणजे प्लॅटफॉर्म, आणि गॅरेज म्हणजे दुसरी गाडी. डॉक्टर गळ्यात स्टॉपवॉच अडकवून शिट्टी मारायचे, की आम्ही जिन्यावरून सूटकेसा ओढत, एकमेकांना ढकलत, "अहो, तुमची पिशवी!", "ती माझी नाही, तुमची!" करत गॅरेजात घुसायचो.

पहिल्या दिवशी चौदा मिनिटं लागली. त्यात चार मिनिटं सुमनताई आणि मिसेस देशमुख यांनी स्वयंपाकघरात लोणच्याची बरणी सूटकेसमध्ये उभी ठेवायची की आडवी, यात घालवली.

"गाडी गेली," डॉक्टर म्हणाले.

"जाऊ द्या हो, दुसरी येईल," सुमनताई म्हणाल्या.

"स्वित्झर्लंडमध्ये लोणचं कशाला?"

"तिथलं जेवण अळणी असतं. तुमच्याच पुस्तकात लिहिलंय."

तिसऱ्या तालमीच्या वेळी समोरच्या घरातल्या बाईंनी पोलिसांना फोन केला. त्यांची चूक नाही. रविवारी सकाळी डझनभर म्हातारे सूटकेसा घेऊन घरातून पळत बाहेर येतात, गॅरेजात शिरतात, पाच मिनिटांनी बाहेर येऊन मान खाली घालून परत घरात जातात, आणि पुन्हा पळत बाहेर येतात, हे दिसल्यावर कुणीही फोन करेल. एक उंच, तांबूस मिशांचा पोलीस आला. त्याने डॉक्टरांना अदबीने विचारलं, सगळं ठीक आहे ना. डॉक्टरांनी त्याची मान बघितली. मग त्याला शेवटचं काय खाल्लं ते विचारलं. मग सगळी योजना समजावून सांगितली, नकाशासकट. तो माणूस वीस मिनिटं बेसमेंटमध्ये होता. बाहेर आला तेव्हा स्टॉपवॉच त्याच्या गळ्यात होतं. त्या दिवशी शिट्टी पोलिसाने मारली आणि आम्ही पाच मिनिटं चाळीस सेकंदांत गाडी बदलली. वर्दीपुढे माणूस पळतो, हे दौंडलाही मी बघितलेलं आहे. सुमनताईंनी त्याला लोणचं दिलं. ते नको म्हणून सांगायला त्याला बिचाऱ्याला जमलं नाही.

या सगळ्यात मला काय काम दिलं होतं? सामानाचं. "मुकादम, तुम्ही बॅगा मोजा." चोवीस नग. बरं. मी मोजल्या. पण मला एक गोष्ट लागली. अकरा वर्षं हा माणूस आगगाडीचा बेत आखतोय. गावात आगगाडीचा रूळ हातांनी बसवलेला माणूस एकच, मी. आणि मला त्यांनी रुळाबद्दल एक शब्द कधी विचारला नाही. पुस्तकांना विचारलं, कॉम्प्युटरला विचारलं. एकदा मी भिंतीजवळ जाऊन म्हणालो, "डॉक्टर, हा चढ भारी दिसतोय." तर म्हणाले, "हो हो, ते सगळं पुस्तकात आहे."

पुस्तकात आहे तर असू दे, मी मनात म्हणालो. आता विचाराल तरच सांगीन.

आणि तेव्हाच मला ती गोष्ट दिसली.

लाल लोकर नकाशावर डावीकडून उजवीकडे जात होती. मधे कूर नावाचं गाव आहे. लोकर त्या गावात आत जात होती, आणि ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने परत बाहेर येऊन मग दुसरीकडे वळत होती. डॉक्टरांनी तिथे दुहेरी धागा ओवला होता, अगदी नीट. पण त्याचा अर्थ त्यांना कळला नव्हता. मला एका नजरेत कळला. ज्याने दौंड बघितलंय त्याला कळणारच. पुण्याहून मनमाडला जाणारी गाडी दौंडला यायची, इंजिन सुटायचं, मागच्या टोकाला लागायचं, आणि गाडी उलटी निघायची. पुढचा डबा मागे, मागचा पुढे. नवखा माणूस घाबरून विचारायचा, "गाडी परत पुण्याला चालली का हो?" आणि मुख्य म्हणजे, पुण्यापासून ज्याची खिडकी उजवी होती त्याची दौंडनंतर डावी व्हायची.

आता उजवी-डावी म्हणजे त्या बेसमेंटमध्ये युद्धाचा विषय होता. कूरच्या पुढे एक उंच, वळणाचा दगडी पूल आहे. गाडी त्याच्यावरून जाते आणि सरळ कड्यातल्या बोगद्यात घुसते. तो पूल उजव्या खिडकीतून दिसतो, असं तिन्ही पुस्तकांत लिहिलं होतं. आम्हाला सहा जागा उजवीकडे आणि सहा डावीकडे मिळणार होत्या. उजवी सगळ्यांना हवी. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. फक्त वहिनींची चिठ्ठी टाकली नाही, त्यांना उजवी खिडकी आधीच दिली, आणि कुणी बोलायला नको म्हणून डॉक्टरांनी स्वतः डावी घेतली. सुमनताईंना उजवी आली. देशमुखांना डावी आली, तर दोन आठवडे ते सुमनताईंना म्हणत होते, "बघून राहिलो मी, कशी चिठ्ठी उचलली ते."

म्हणजे कूरला गाडी उलटली की वहिनी पुलाच्या उलट्या बाजूला. त्यांच्यासमोर नुसता कडा.

हे मला तीन आठवडे माहीत होतं आणि मी बोललो नाही. खोटं कशाला सांगू? रोज वाटायचं, आज डॉक्टर विचारतील, "मुकादम, तुम्हाला काय वाटतं?" ते विचारायचे, "बॅगा किती?" मी सांगायचो, "चोवीस." आणि घरी यायचो. सून म्हणायची, "बाबा, कुणाशी भांडून आलात का?" मी म्हणायचो, "अजून नाही."

तिकिटांचा रविवार उजाडला. सकाळी अकरा. आम्ही सगळे खाली खुर्च्यांवर. कॉम्प्युटर मोठ्या टीव्हीला जोडलेला, म्हणजे सगळ्यांना दिसावं. डॉक्टरांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता. त्यांनी बारा जागा निवडल्या, त्या पडद्यावर लाल झाल्या, आणि कोपऱ्यात घड्याळ उलटं धावायला लागलं. पंधरा मिनिटं जागा धरून ठेवतात. तेवढ्यात शेवटचं बटन दाबलं नाही तर सुटतात, आणि जूनच्या त्या गाडीच्या जागा सुटल्या की दुसरं कुणीतरी झडप घालतं.

"यादी वाचायला अकरा मिनिटं लागतात. मी मोजलंय," डॉक्टर म्हणाले. "चार मिनिटं शिल्लक राहतील. सुरू करतो. एक. पासपोर्ट, बारा?"

"हो!" आम्ही ओरडलो.

"दोन. व्हिसा?"

"हो!"

"तीन. शेवटचं काय खाल्लं?"

"पोहे!" देशमुख.

"हो किंवा नाही."

"हो!"

असं चाललं. सगळे रंगात आले होते. हॉटेलची लिफ्ट, हो. गुडघ्याचे पट्टे, हो. सूप, "गार पिऊ, हो!" वहिनी पहिल्या खुर्चीवर बसून नकाशाकडे तिरप्या मानेने बघत होत्या, कडेने दिसावा म्हणून, आणि प्रत्येक 'हो'ला खुदकन हसत होत्या.

"तेवीस. पुलाच्या बाजूच्या जागा बरोबर?"

"हो!" दहा जण.

मी म्हणालो, "नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काय म्हणालात, मुकादम?"

"नाही म्हणालो. कूरला गाडी उलटी होते. इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं. उजवी ती डावी होते."

"कुठल्या पुस्तकात आहे?"

"तुमच्या भिंतीवर आहे. लोकर बघा. गेली त्याच वाटेने परत आली. डबे काय उचलून फिरवतात का?"

डॉक्टर भिंतीशी गेले. बोट लोकरीवरून कूरपर्यंत नेलं, परत आणलं. पुन्हा नेलं. एवढा उंच माणूस, पण त्या वेळी मला बुटका वाटला.

"काऊन जी," देशमुख म्हणाले, "हे तुम्हाला कधीपासून माहीत?"

"तीन आठवडे."

"आणि सांगितलं नाही?"

"विचारलं नाही."

सुमनताईंनी कपाळाला हात लावला. डॉक्टर टेबलाशी आले आणि त्यांनी फाइल मिटली. मला माहीत होतं ते काय म्हणणार. सगळ्यांना माहीत होतं.

"खूण राहिली," ते म्हणाले. "सगळं पुन्हा मांडावं लागेल. पुढल्या..."

वाक्य पुरं झालं नाही. वहिनी उठल्या होत्या. कठड्याला धरून जिना चढून वर गेल्या, आणि वर स्वयंपाकघरात नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

"सात मिनिटं," देशमुख हळूच म्हणाले.

मी उठलो. माझ्या हट्टापायी हे झालं होतं आणि मला माफी मागता येत नाही. ती मी कधी शिकलोच नाही. म्हणून मी भांडायला लागलो.

"डॉक्टर, दौंडला आम्हाला दोन गाड्यांच्या मधे अकरा मिनिटं मिळायची. तेवढ्यात रूळ मोकळा करायचा, बदलायचा, कसायचा, आणि बाजूला व्हायचं. सगळं तयार झालं की मग काम करू म्हटलं असतं तर अजून पहिली गिट्टी पडली नसती."

"आणि चुकलं तर?"

"तर पुढे पळत जायचं आणि लाल झेंडी दाखवायची. गाडी थांबते."

"माझ्याकडे लाल झेंडी नव्हती, मुकादम," ते म्हणाले. "चाळीस वर्षं. एकदा निघाली की थांबत नसे."

घड्याळ धावत होतं.

"इथे आहे," मी म्हणालो. "ही आगगाडी आहे. इथे कुणी मरत नाही. फार तर खिडकी चुकते. आणि तीही चुकत नाही. नीट ऐका. जे उजवीकडे आहेत त्यांना कूरपर्यंत उजवी. जे डावीकडे आहेत त्यांना कूरनंतर उजवी. जागेवरून कुणी उठायचंही नाही. आणि तोंड पुढे करून बसलेल्यांची पाठ होते, पाठ असलेल्यांचं तोंड. म्हणजे सगळ्यांना सगळं मिळतं."

"म्हणजे मला पूल?" देशमुख ताडकन उठले.

"तुम्हाला पूल."

"आणि मला?" सुमनताई.

"तुम्हाला कूरच्या आधी सगळं उजवीकडचं."

"आता चिठ्ठी बदलू का, ताई?" देशमुख म्हणाले.

"गप्प बसा हो!"

"चार मिनिटं," कुणीतरी मागून ओरडलं.

डॉक्टर टीव्हीकडे बघत होते. "पण ती उजवीकडे आहे. तिला पूल चुकेल."

"पडद्यावर काही बदलायचं नाही. गाडीत बसताना तुम्ही दोघांनी जागा बदलायच्या. वहिनी तुमच्या डाव्या खिडकीशी बसतील, तुम्ही त्यांच्या उजव्या."

त्यांनी हिशेब केला. ओठ हलताना दिसत होते. "मग पूल मला दिसणार नाही."

"तुम्ही अकरा वर्षं बघताय," मी म्हणालो.

आधी मिसेस देशमुख हसल्या. मग सुमनताई. मग सगळं बेसमेंट. डॉक्टरांच्या भुवया थरथरल्या आणि त्यांच्या तोंडून एक असा आवाज निघाला, जो मी आधी कधी ऐकला नव्हता. डॉक्टर हसत होते. डोळे पुसत त्यांनी फाइल पुन्हा उघडली. तेविसाव्या ओळीपुढे त्यांनी लिहिलं, आणि लिहिताना नेहमीच्या सवयीने मोठ्याने वाचलं, "तेवीस. नाही. माहीत आहे. पुढे जात आहे." खाली सही केली. सहीपुढे वेळ घातली.

"चोवीस ते एक्केचाळीस?" त्यांनी विचारलं.

"हो!" आम्ही एका दमात ओरडलो.

"दोन मिनिटं! डॉक्टर, दाबा!"

"शांत राहा. मी घाईत काही करत नाही."

"दाबा हो!"

त्यांनी दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं. इतका वेळ फिरलं, की सुमनताईंनी माझा हात धरला आणि मी तो धरू दिला. मग हिरवी खूण आली. बारा नावं, एकाखाली एक.

असा गलका झाला म्हणता! खुर्च्या पडल्या, सलाइनचा स्टँड पडला, सोमवार ते शनिवार सगळे जमिनीवर पसरले. देशमुखांनी मला मिठी मारली, मी त्यांना ढकललं, त्यांनी परत मारली.

वरून वहिनींचा आवाज आला. घाबरलेला. "अहो, काय झालं? कोण पडलं?"

डॉक्टर जिन्याच्या तळाशी जाऊन उभे राहिले. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात ती फाइल.

"कुणी पडलं नाही," ते ओरडले. "तुझी खिडकी निघाली!"

नळ बंद झाला. मग त्या जिन्याच्या तोंडाशी आल्या. ओल्या हातांनी, मान जरा तिरपी करून, खाली आम्हा सगळ्यांकडे बघत.

"कुठल्या बाजूची?"

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग पुन्हा वर बघून म्हणाले, "दोन्ही."